कंट्रोलरसाहेबांचं आठवं गाव

गाडी चुकली म्हणून खूश होणारी माणसं मी आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर पाहिली आहेत. शप्पथ सांगते, खोटं नाही. गाडी फलाटाला लागलेली, कंडक्टर घंटी मारमारून दमलेला, आणि चार-पाच प्रवासी वेळापत्रकाच्या फळ्यासमोर मान वर करून उभे. "अहो, चला की!" म्हटलं की त्यातला एखादा मागे न बघताच हात झटकायचा, "व्हा तुमी फुडं, मी मागच्या गाडीनं येतो." ही सगळी करणी कंट्रोलरसाहेबांची.

कंट्रोलर म्हणजे स्टँडवर काचेच्या खिडकीत बसून गाड्यांच्या नोंदी करणारा आणि भोंग्यावरून गाड्या पुकारणारा माणूस. आमचे कंट्रोलरसाहेब अंगानं काटकुळे, चष्मा जाड, उजव्या बाहीवर कायम खडूची भुकटी. मूळचे बेलापूरचे. बोलायचे गावाकडच्या बोलीत, पण भोंगा चालू केला की भाषेला एकदम इस्त्री बसायची. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, फलाट क्रमांक दोनवर..." असं खणखणीत सांगून झालं, की भोंगा बंद करून शिपायाला म्हणायचे, "आरं, चा आन की लेका, घसा पार वाळला." त्यांचं खरं नाव मला बऱ्याच वर्षांनी कळलं. कुणालाच त्याची गरज पडली नव्हती.

वेळापत्रकाच्या काळ्या फळ्याच्या तळाला दोन वीत जागा मोकळी होती. तिथे ते दर सोमवारी सकाळी खडूनं एक कोडं लिहायचे. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'उत्तरे तक्रारपेटीत टाकावीत. नाव, गाव लिहावे.' तक्रारपेटी शनिवारी उघडायची. तिच्यात तक्रारी निघायच्या एखाददुसऱ्या, आणि उत्तरं पन्नास-साठ. तिकिटांच्या पाठीवर, वहीच्या पानांवर, एकदा तर तंबाखूच्या पुडीच्या कागदावर. बरोबर उत्तराचं नाव आणि गाव पुढच्या सोमवारी फळ्यावर लागायचं. त्या एका ओळीसाठी माणसं आठवडाभर जिवाचं रान करायची.

मी लग्न होऊन काष्टीला आले तेव्हा माझी बारावी झालेली होती. मुलगी तीन वर्षांची झाल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामांनी, मला कॉलेजात घातलं. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, थोड्या कुरकुरल्या, पण नातीला सांभाळायला त्याच बसल्या. तर अशी मी, डब्याची पिशवी आणि घाई घेऊन, रोज काष्टीहून तालुक्याला जायची. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर हे वाचलं: 'दोन गावांमध्ये गाडीला एक तास लागतो. दोन्हीकडून दर वीस मिनिटांनी, एकाच वेळी गाडी सुटते. तुम्ही गाडीत बसलात. वाटेत समोरून येणाऱ्या किती गाड्या भेटतील?'

मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "तीन! यात काय अवघड आहे?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, गाडीत बसून मोजलं का घरात बसून?"

मला राग आला. रोजचा प्रवास माझा, आणि हे मला विचारतात! पण परतीच्या गाडीत डोकं लागलं. स्टँडवर उभी राहिले तर मला वीस मिनिटांनी एक गाडी दिसेल. पण मी उभी कुठे आहे? मीही त्यांच्याच दिशेनं निघाले आहे, म्हणजे दर दहा मिनिटांनी एक भेटणार. वाटेत पाच, आणि निघताना नि पोहोचताना स्टँडवर एकेक. मला आठवतंय, मी बसमध्ये एकटीच मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले आणि शेजारची भाजीवाली दचकली. त्या दिवसापासून मी त्या फळ्याची झाले.

आणि मी एकटीच नाही, आमचं घरच त्याच्या नादी लागलं. मामा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. मी घरात पाऊल टाकलं की चप्पल काढायच्या आत विचारायचे, "आज काय लिवलं कंट्रोलरनं?" एकदा होतं: 'गुळाच्या नऊ ढेपा, दिसायला सारख्या, एक वजनाला हलकी. तराजू फक्त दोनदा वापरून ती शोधा.' मी कागद-पेन घेऊन बसले. मामा शेळीला चारा टाकत होते. तिथूनच म्हणाले, "तीन इकडं, तीन तिकडं, तीन खाली. ज्या तिनात हलकी, त्यातली येक इकडं, येक तिकडं. झालं की!" त्यांचं नाव फळ्यावर लागलं तेव्हा मामा खास ते बघायला धुतलेला सदरा घालून तालुक्याला आले. कंट्रोलरसाहेब खिडकीतून बाहेर आले आणि स्वतःहून म्हणाले, "जयभीम मामा. काट्यावरचा मानूस तुमी, तुमाला काय अवघड!" मामा महिनाभर ही गोष्ट सांगत होते.

साहेबांचं एकही कोडं पुस्तकातलं नसायचं. शिक्षण बारावी नापास, तेही इंग्रजीमुळे. पण गाड्यांच्या वेळा, फलाट, वळणं, पोती, माठ, शेळ्या, जे डोळ्यासमोर दिसेल त्याचं ते कोडं करायचे. आधी स्वतः सोडवून बघायचे, जुन्या ड्युटीपत्रकांच्या पाठीवर. उत्तर मात्र मरेपर्यंत सांगायचे नाहीत. एकदा एक पुढारी गाडीतून उतरून "आम्हाला तरी सांगा हो," म्हणाले, तर साहेब म्हणाले, "सांगितलं की कोडं शिळं झालं. तुमी ताजं खा." कुणी फारच रडकुंडीला आलं, तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "माज्या कोड्याला उत्तर असतंच. घावलं न्हाई, तर शोधनाऱ्याकडं बगावं."

हे वाक्य मला आवडायचं. पुढे त्यानंच मला बुडवायची वेळ आणली.

दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि तिसऱ्या वर्षासाठी एकच विषय निवडायचा होता. केमिस्ट्री की गणित? शहाणपण केमिस्ट्रीत होतं. कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागू शकत होती, घरापासून चालत दहा मिनिटांवर. आमचे हे म्हणाले, "तुझं तू ठरव, पण गणित घेऊन इथं करणार काय?" प्रश्न खरा होता. माझ्याकडे उत्तर एवढंच होतं की मला गणित आवडतं, आणि असलं उत्तर चार माणसांत देता येत नाही. मी मनाशी ठरवलं, जमत असेल तरच घ्यायचं. आणि जमतंय की नाही हे बघायला माझ्याकडे फळा होता.

त्या सोमवारी फळ्यावर आलं: 'सात गावे. प्रत्येक गावातून बरोबर तीन गावांना थेट रस्ता पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. नकाशा काढा.' खाली बेलवंडी, लिंपणगाव, मढेवडगाव अशी ओळखीची सात नावं. वाटलं, हे तर चहा पिता पिता होईल. सात ठिपके काढले, रेघा मारत गेले. सहा गावं झकास जुळायची आणि सातव्याला दोनच रस्ते. पुन्हा खोडलं, पुन्हा मांडलं, आता दुसरंच गाव उपाशी. आठवडा गेला. कुणाचंच उत्तर बरोबर निघालं नाही, म्हणून साहेबांनी कोडं आणखी आठवडाभर ठेवलं. स्टँडवर नुसता कल्ला. फलाटावर, बाकांवर, गाडीच्या मागच्या धुळीत, जिथे पाहावं तिथे सात ठिपके. एका फेटेवाल्या बाबांनी तर एका गावातून रस्ता काढून, माळाला वळसा घालून, त्याच गावात परत आणला आणि "मिटलं!" म्हणून पेटीत टाकलं.

मी स्वयंपाक करताना पिठात ठिपके काढत होते. लेक म्हणायची, "आई, तू पोळी का टोचतेस?" दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, कपडे वाळत घालताना एकदम सुचलं. रस्त्याला टोकं दोन. प्रत्येक गावात तीन टोकं यायला हवीत. सात त्रिक एकवीस. एकवीस टोकांच्या जोड्या लागायच्या कशा? एक टोक कायम लोंबकळत राहणार. म्हणजे हा नकाशा होतच नाही! मी ओले हात पुसले आणि कागदावर लिहून काढलं.

मग लिहिलेलं वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. साहेबांचं कोडं आणि त्याला उत्तर नाही? ज्या माणसाच्या खिडकीत कधी चूक निघाली नाही, त्याला मी शिकवणार? नक्कीच माझ्याच डोक्यात काहीतरी राहतंय, सोडवता येत नाही म्हणून पळवाट काढतेय. त्या ओळींवर मी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'सुटलं नाही. माफ करा.' नाव, गाव घातलं. दुपारी तालुक्याला जाऊन चिठ्ठी पेटीत टाकली, आणि घरी येऊन फॉर्मवर विषयापुढे 'केमिस्ट्री' लिहिलं. फॉर्म सोमवारी दुपारपर्यंत द्यायचा होता. तो टीव्हीखाली ठेवला आणि भांडी घासायला बसले. रडू येत होतं, पण आत्याबाईंना सांगणार काय? सात गावं जोडता येत नाहीत म्हणून रडतेय?

दुसऱ्या दिवशी शनिवार, काष्टीचा बाजार. गावात बैलांची, टेम्पोंची ही गर्दी. दुपारी बारा-साडेबाराला बाहेरून कुणीतरी माझं नाव घेऊन विचारत असल्याचा आवाज आला. दारात कंट्रोलरसाहेब उभे, ड्युटीच्याच कपड्यांत, घामाघूम, बुटांवर शेण. मी त्यांना त्या खिडकीच्या चौकटीबाहेर असं कधी पाहिलंच नव्हतं. ड्युटी टाकून हा माणूस कधी कुठे जात नाही, हे अख्ख्या तालुक्याला माहीत.

"जयभीम साहेब, या, बसा," मामा गडबडीनं उठले. आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या आणला.

"पानी मागनं," ते म्हणाले. "आदी बोलतो. ताई, कोडं चुकलं. तुमी न्हाई चुकला."

त्यांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली. "ही वळ का खोडली?"

"तुम्हीच म्हणता ना, साहेब, तुमच्या कोड्याला उत्तर असतंच. म्हणून वाटलं, माझंच..."

"म्हनलो हुतो खरं." ते खाली बघत राहिले. "लई मोठं बोललो. सकाळी पेटी उगाडली, तुमची चिठ्ठी वाचली आन पायाखालची जमीन सरकली बगा. दोन टोकं! येवढी साधी गोष्ट! मी आठ गावांचा नकाशा काडला हुता. आठ त्रिक चोवीस, झकास बसतंय. पन पुन्याची नवी गाडी सुरू झाली, तिच्या येळंला फळ्यावर दोन वळी गेल्या. आठवं गाव खाली मावंना. म्हनलं, येक गाव कमी झाल्यानं काय बिगडतंय? आठाचं सात केलं आन परत मांडून बगितलंच न्हाई. सतरा वर्सांत पयल्यांदा."

"कुठलं गाव गाळलं?" मामांनी विचारलं.

साहेबांचा चेहरा पडला. "काष्टी. यादीत शेवटचं हुतं."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हंजी काष्टी गाळली म्हनून समदा तालुका अडला म्हना की!" मग साहेबही हसले, बसले, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. चहा पिताना ती चिठ्ठी परत उलगडून म्हणाले, "बरं झालं येकच रेघ मारली ताई. गिरगटून टाकलं असतं, तर मला आयुष्यात कळलं नसतं. पन्नास मानसांनी नकाशे पाठवले. होत न्हाई असं तुमी येकट्यांनी लिवलं, आन का होत न्हाई त्येबी लिवलं. कोडं सोडवनं सोपं हाय. हे अवगड हाय." मग सहज म्हणून विचारलं, "कालेजात काय घेतलं?"

मी उठले, टीव्हीखालचा फॉर्म काढला, 'केमिस्ट्री'वर एकच रेघ मारली, वर 'गणित' लिहिलं आणि बाजूला सही केली. कुणालाही विचारलं नाही. मामांनी चष्मा काढून पुसला. साहेबांना हे काय चाललंय ते पूर्ण कळलं नसावं, पण ते फॉर्मकडे बघून एवढंच म्हणाले, "झ्याक."

सोमवारी साडेनऊला मी गाडीतून उतरले आणि भोंगा सुरू झाला, त्या इस्त्रीच्या भाषेत. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. सात गावांचे कोडे सुटत नाही. ते कधीच सुटणार नाही, हे काष्टीच्या सुजाताताईंनी सिद्ध केले आहे. चूक कंट्रोलरची आहे. प्रवाशांना झालेल्या त्रासाबद्दल कंट्रोलर दिलगीर आहेत." दीड तास उशिरा आलेल्या गाडीबद्दलसुद्धा त्या भोंग्यातून दिलगिरी कधी ऐकली नव्हती. मग फेटेवाले बाबा ओरडले, "आरं, पन माजं सुटलं हुतं की!" आणि फलाटभर हशा पिकला. मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले. माझ्या चुलत सासऱ्यांनी, शाळामास्तरांनी, मोठमोठ्या माणसांनी 'चुकलं माझं' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि हा माणूस ते साऱ्या तालुक्याला ऐकवत होता. कॉलेजात क्लार्क म्हणाला, "फॉर्मवर खाडाखोड चालत नाही." मी म्हटलं, "खाडाखोड नाही. एक रेघ आहे, सही आहे." त्यानं घेतला.

पुढे मी एम.एस्सी. केलं, आणि आज ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. माझ्या वर्गात एक नियम कडक आहे. खोडायचं असेल तर एकाच रेघेनं खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे. पोरं कंटाळतात, पण त्या रेघांखाली मला दर वर्षी दोन-तीन अस्सल गोष्टी सापडतात.

साहेब निवृत्त होऊन बेलापूरला गेले. फोन यायचा, "ताई, येखादं कोडं टाका की कानात." साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली तेव्हा मी भेटायला गेले. ओसरीवर खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "साहेब, सहा बाय सहा फरश्यांचं अंगण आहे. तिरप्या रेषेत समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतल्या फरश्या काढल्या. उरल्या चौतीस. दोन-दोन फरश्यांएवढ्या सतरा पाट्यांनी ते झाकायचं. जमेल?"

बराच वेळ त्यांची बोटं मांडीवर फिरत होती. मग म्हणाले, "न्हाई होत."

"का नाही होत, साहेब?"

ते गालात हसले. 'का होत न्हाई' हे त्यांचंच बोलणं मी त्यांच्यावर उलटवतेय, हे त्यांना बरोबर समजलं. "असं करा, फरश्या काळ्या-पांडऱ्या रंगवा, येकाआड येक. तिरपे समोरासमोरचे कोपरे येकाच रंगाचे. त्ये गेले, म्हंजी येक रंग सोळा राहिला, दुसरा अठरा. आन पाटी तर दर खेपेला येक काळी, येक पांडरी झाकती. जमंल कसं?"

मला उत्तर पाठ होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. ज्याला दिवस-रात्र कळत नव्हती, त्या माणसानं माझ्या डोळ्यांसमोर अख्खं अंगण रंगवून दिलं होतं. मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "उटा, उटा. बस चुकंल तुमची."

ती शेवटची भेट. या वर्षी उन्हाळ्यात ते गेले. त्यांना न्यायच्या आधी त्यांच्या सुनेनं फोन केला आणि म्हणाली, औषधांच्या डबीत एक जुनी चिठ्ठी सापडली, खोडलेली, वर तुमचं नाव आहे, पाठवू का? मी म्हटलं, त्यांच्याबरोबरच जाऊ द्या.

परवा तालुक्याच्या स्टँडवर गेले होते. गाड्यांच्या वेळा आता लाल अक्षरांत पट्टीवर सरकतात. जुना फळा मात्र तिथेच आहे, रिकामा. पर्समध्ये खडू असतोच माझ्या. लोक बघत होते, बघू देत म्हटलं. तळाला, त्यांच्याच जागेवर, लिहिलं: 'सात गावे. प्रत्येक गावातून बरोबर तीन गावांना थेट रस्ता. नकाशा काढा.' यादीत काष्टी घातली नाही. आणि बाकावर जाऊन बसले.

थोड्या वेळानं कॉलेजातली एक मुलगी मोबाईल खाली ठेवून फळ्यासमोर उभी राहिली. मग वही काढली. तिची गाडी लागली, तिच्या मैत्रिणी हाका मारत चढल्या, गाडी गेली. ही तिथेच. शेवटी कपाळाला आठ्या घालून, वहीतल्या एका ओळीवर पेन ठेवून ती खोडायच्या बेतात थांबली आणि माझ्याकडे वळली. "मॅडम, हे तुम्हीच लिहिलंत ना? हे होत नाहीये."

"खोडू नकोस," मी म्हटलं. "का होत नाही, ते सांग. तुझी पुढची गाडी यायला वेळ आहे."